लोडर, ऑडिट आणि लेकाचा हात

पोस्ट जरा लांब आहे. पण घरी ट्रॅक्टर असेल आणि मुलं त्याच्या आसपास वावरत असतील, तर शेवटपर्यंत वाचाच.

आम्ही ओहायोत गावाबाहेर पाच एकरांवर राहतो. मी सीए. ट्रॅक्टर हा नवऱ्याचा प्रांत, पण तो नेमका भारतात गेलेला. आमच्या पंधरा वर्षांच्या लेकाने उन्हाळाभर काढून ठेवलेला फ्रंट लोडर स्वतःच जोडला. बकेट व्यवस्थित वळत होती, पण बूम जमिनीवरून हलेना. डीलरला फोन केला तर म्हणे, "पंप गेला असेल." आकडा ऐकून मी खालीच बसले.

पण सवय जाते का हो? व्हाउचर बघितल्याशिवाय मी सही करत नाही. म्हटलं, बकेट आणि बूम, दोघांना तेल देणारा पंप एकच. तो गेला असता तर बकेटही मरगळली असती. म्हणजे गडबड पंपाच्या पुढे. तेलाची पातळी बघितली, ठीक होती. फेस असता तर हवा शिरलेली, दुधाळ असतं तर पाणी. दोन्ही नव्हतं.

मग चार होज. एका कपलरपाशी ओलं दिसलं. इंजिन चालूच होतं, आणि लेक कुठून गळतंय ते बघायला हात लावायला निघाला. मी एवढ्या जोरात ओरडले की तो दचकून मागे सरला.

का ते सांगते. या होजमध्ये दाब चौरस इंचाला दोन हजार पौंडांच्या वर असू शकतो. सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही, पण काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट, हातसुद्धा जाऊ शकतो. गळती शोधायची ती पुठ्ठा धरून, लांबून. आणि असं कधी झालंच तर दुखायची वाट न बघता इमर्जन्सीत जा, हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

मग इंजिन बंद केलं, बकेट जमिनीवर होतीच. जॉयस्टिक चारही बाजूंना फिरवून दाब सोडला. कपलर अर्धवटच बसला होता. लोडर उन्हात उभा होता, आत अडकलेलं तेल तापून फुगलेलं, म्हणून तो पुरता आत जाईना. दाब सुटल्यावर 'टक्' करून बसला. बूम उचलली. खर्च शून्य.

रात्री लेकाने सांगलीला आजोबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. माझे बाबा चाळीस वर्षं ट्रॅक्टरवाले. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात धड आहे ना रे?"

मला अजून तोच प्रश्न ऐकू येतोय. "त्याला हात लावू नकोस, अभ्यास कर" एवढंच मी आजवर त्याला सांगत आले. का लावायचा नाही, हे कधी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही सांगितलंय का?