फिल्मवरचा पाऊस

मामाच्या टॉकीजमध्ये दोन प्रकारचा पाऊस पडायचा. एक सिनेमातला, दुसरा फिल्मवरचा. मुंबई-पुण्यात आठवडेच्या आठवडे चालून, मग जिल्ह्याच्या गावी आणि वाटेत आणखी दोन-चार ठिकाणी फिरून प्रिंट आमच्या तालुक्याला पोचायची, तोवर तिच्या अंगावर उभ्या रेघांची झड लागलेली असायची. भर उन्हात नायक-नायिका बागेत गात असले तरी त्यांच्यावर ही बारीक सर पडतच राहायची. आम्हा मुलांना तिचं काही वाटत नसे. सिनेमा असाच असतो, अशी आमची समजूत होती.

१९९४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ‘ज्युरासिक पार्क’ आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. बेटावर वादळ येतं, वीज जाते, गाड्या कुंपणाशी अडकून पडतात आणि धो धो पावसात टी-रेक्स बाहेर येतो. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तो दोन्ही पावसांत मिळून. त्या बेटावरचा पाऊस कुठला आणि प्रवासात लागलेला कुठला, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. आजही तो प्रसंग आठवला की मला त्या उभ्या रेघांसकटच आठवतो.

अमेरिकेत हा सिनेमा लागला ११ जून १९९३ ला. आपल्याकडे तो १९९४ मध्ये आला आणि हिंदी बोलत आला. आधीही आमच्या गावात इंग्रजी सिनेमे लागत, पण ते एखाद्या मॅटिनीला, आणि समोर बसायची कॉलेजची पंधरा-वीस पोरं. या वेळी आजूबाजूच्या वाड्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली. ज्या बायकांनी गोरा माणूस पडद्यावर कधी पाहिला नव्हता, त्या नातवंडांना मांडीवर घेऊन बसल्या. पडद्यावरची शास्त्रज्ञ मंडळी हिंदीत बोलतात, याचं कुणालाही नवल वाटलं नाही. नवल फक्त त्या लांब मानेच्या, झाडाचा शेंडा ओरबाडणाऱ्या प्राण्याचं. तो दिसला तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले.

मामा त्या टॉकीजचा ऑपरेटर होता. मालकाच्या मर्जीने मला केबिनमध्ये जायला मिळायचं. तिथली धग, कार्बनचा वास, छताला गेलेली धुराची नळी, आणि एकमेकींशेजारी उभ्या दोन मशिनी. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटायची आणि त्या उजेडावर सगळं गाव सिनेमा बघायचं. कांड्या जळत जळत आखूड होत, त्यांच्यातलं अंतर हाताने राखावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका चमकला की इकडचा उजेड बंद आणि तिकडचा सुरू. मामाने हा बदल केलेला खाली कुणालाही कधी कळला नाही. त्याचा सगळा अभिमान यात होता.

पण याचा अर्थ असा की मामाने तो सिनेमा पाहिलाच नव्हता. म्हणजे रोज चार खेळ, तीन आठवडे पाहिला, पण तुकड्यातुकड्यांनी. एक मशीन चालू असताना दुसऱ्यावर रीळ चढवायचं, उतरलेलं हाताने उलटं गुंडाळायचं, जोड तपासायचे, कांड्या बदलायच्या. प्रत्येक खेळाला हीच कामं त्याच त्याच जागी येत. म्हणून काही प्रसंग त्याला तोंडपाठ होते आणि काही त्याच्या वाट्याला कधीच आले नाहीत. न आलेल्यांपैकी एक होता पाण्याचा. गाडीत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यातलं पाणी हलतं. एक वर्तुळ, मग शांतता, मग पुन्हा एक वर्तुळ. अजून प्राणी दिसलेला नाही, फक्त त्याचं पाऊल पाण्याला कळलं आहे.

“तिथं काय होतं गं?” मामाने मला विचारलं होतं. “रोज त्या वेळेला खाली एकदम चिडीचूप होतंय. मी खाली वाकलेला असतो. वाटतं, फिल्म तुटली का काय.”

मी सांगितलं, पाणी हलतं. त्याचं काही समाधान झालं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की ते पाणी हलवायला दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या माणसांनी फार डोकं खाजवलं होतं. गाडीत गाणं ऐकताना आरसा थरथरतो, तसं काहीतरी त्यांना हवं होतं. पेल्यात एकाआत एक गोल वर्तुळं काही केल्या उमटेनात. शेवटी त्यांच्यातल्याच मायकेल लँटिएरी यांनी पेला गिटारवर ठेवून तार छेडून पाहिली आणि हवी तशी वर्तुळं मिळाली. मग गाडीच्या आतून खाली तार ताणली, आणि चित्रण चालू असताना खाली दडून बसलेल्या एका माणसाने ती छेडली. हे वाचलं त्या दिवशी मी मामाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हंजे तिथंबी खाली वाकलेला माणूस होताच की.”

त्या दिवसापासून मी या सिनेमात डायनोसॉरपेक्षा माणसं शोधू लागले. १२७ मिनिटांच्या सिनेमात डायनोसॉर दिसतात ती सुमारे पंधरा मिनिटं. संगणकावर बनलेले तर त्याच्या निम्मा वेळही नाहीत. बाकीचे स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात हातांनी घडलेले. तो पावसातला टी-रेक्स म्हणजे फोमच्या कातडीचं खरंखुरं अवजड यंत्र. पाणी पडलं की ती कातडी भिजून जड व्हायची आणि अख्खं जनावर हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. मग दोन शॉट्सच्या मधे माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसून कोरडं करत. जगाचा थरकाप उडवणाऱ्या त्या प्राण्याला कुणीतरी आईच्या मायेने टिपत होतं, हे कळल्यावर मला तो जास्तच आवडू लागला.

आणि फिल टिपेट. बाहुल्यांना केसाकेसाने हलवून, एकेक चौकट चित्रित करून जिवंत करण्यात या माणसाची हयात गेलेली. डायनोसॉरची पळापळ त्यांच्याच पद्धतीने व्हायची होती. मधेच संगणकवाल्यांनी आपला डायनोसॉर चालवून दाखवला आणि टिपेट यांच्या लक्षात आलं, की आपण आता नामशेष झालो. ते तसं बोलूनही गेले आणि स्पीलबर्गनी ती भावना सिनेमातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी घातली. पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांना घरी पाठवलं नाही. प्राणी वजन कसं पेलतो, वळताना मान आधी वळते की खांदा, हे संगणकाला ठाऊक नव्हतं, टिपेटना होतं. मग सांध्यासांध्यांत सेन्सर बसवलेला एक सांगाडा बनवला. जुन्या कारागिरांनी तो हातांनी हलवायचा आणि ती हालचाल थेट संगणकात जायची. त्या वर्षीच्या दृश्यपरिणामांच्या ऑस्करवर टिपेट यांचंही नाव आहे.

मामाच्या वाट्याला असा सांगाडा आला नाही. आधी कार्बन जाऊन झेनॉनचा दिवा आला, तोवर ठीक होतं. मग रिळांच्या पेट्याच यायच्या बंद झाल्या. सिनेमा उपग्रहावरून नाहीतर हार्ड डिस्कमधून येऊ लागला आणि तो सुरू करायला बटण दाबणारा कुणीही चालू लागला. २०११ मध्ये मामाला सांगण्यात आलं, उद्यापासून यायची गरज नाही. एकतीस वर्षांची नोकरी. मोठी मशीन भंगारात किलोवर गेली. मामा एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की उठून अंगणात जाऊ लागला.

मधल्या काळात मी मोठी झाले आणि सिनेमातल्या चुकाही कळत गेल्या. नावात ज्युरासिक असलं तरी त्यातले बरेचसे प्राणी पुढच्या क्रेटेशस काळातले. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा आणि पिसं असलेला. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी काढलं, की डीएनएचं अर्धायुष्य अवघं ५२१ वर्षांचं. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं काहीच हाती लागणार नाही. दुसरीकडे खरा ज्युरासिक काळातला महाकाय प्राणी आपल्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला, बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथांचं नाव त्याला दिलेलं, सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा. आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराला थिजलेला लाव्हा. हे मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग आपल्या टॉकीजचं जोतं त्याच दगडाचं की.” ते खरं होतं. पुढे ते जोतंही उकरलं गेलं.

२०१३ च्या एप्रिलमध्ये सिनेमाला वीस वर्षं होत होती म्हणून तो थ्रीडी करून पुन्हा जगभर लागला. याच फेरीत त्याची एकूण कमाई शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. मामाला हट्टाने बोलावून घेतलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मल्टिप्लेक्सच्या गुबगुबीत खुर्चीत टेकलाही नाही, कडेवर बसला. दिवे मालवल्यावर त्याने पहिल्यांदा मान वळवली ती मागे, झरोक्याकडे. उजेडाचा झोत येत होता. मागे सावली हलत नव्हती. नंतरही कितीतरी वेळ त्याची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात जात राहिली. ठिपका येत नव्हता.

आणि मग गाडी, रात्र, पेला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मामाकडे बघत होते. पहिलं वर्तुळ उमटलं. थ्रीडीच्या काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे मला दिसले नाहीत, पण त्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच घट्ट राहिला. एकोणीस वर्षांपूर्वी सगळं सभागृह का चिडीचूप होत होतं, हे त्याला आता कळत होतं. पाऊस कोसळत होता. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळायला जरा वेळ लागला. पडद्यावर एकच पाऊस होता. स्वच्छ, धुतलेला, फक्त त्या बेटावरचा.

सिनेमातच सांगितलंय, की राळेतल्या डासाच्या पोटातलं रक्त काढून डायनोसॉर पुन्हा बनवताना साखळीतल्या तुटलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्या. जुना सिनेमा थ्रीडी करतानाही असंच करावं लागतं. एका डोळ्याने टिपलेल्या चित्रातून दुसऱ्या डोळ्याचं चित्र बनवायचं, आणि पुढच्या वस्तूमागे दडलेला, कॅमेऱ्याला कधीच न दिसलेला भाग रंगवून भरायचा. काम मेहनतीचं असतं, पण मला त्याची गरज वाटत नाही. सिनेमे परत यावेत असं मला मनापासून वाटतं. घरच्या पडद्यावर तो पेला चिडीचूप करत नाही, त्याला शेजारी तीनशे अनोळखी माणसांचे रोखलेले श्वास लागतात. फक्त एखाद्या वर्धापनाला कुणी जुनी, फिरून झिजलेली, हिंदी बोलणारी प्रिंट जशी आहे तशी लावली, तर मी कुठूनही येईन.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने तो पुन्हा लागला. न्यू जर्सीला असलेली माझी मामेबहीण नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. त्या दिवशी मी मामाकडेच होते. व्हिडिओ कॉलवर नातू हातवारे करून टी-रेक्स दाखवत होता. मग त्याने विचारलं, “आजोबा, आई म्हणते, हा सिनेमा तुम्ही चालवायचात. खरंच?”

मामा उठला आणि कपाटातून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. फिल्म तुटली की जोड देताना दोन-चार चौकटी कापाव्या लागत. ते तुकडे त्याने टाकले नव्हते. लहानपणी आम्ही ते उन्हात धरून बघायचो. त्याने एकेक काढून खिडकीकडे धरायला सुरुवात केली आणि एकाशी थांबला. काळोख, पाऊस, गाडीच्या काचेवर उजेडाचा एक पट्टा. प्राणी नाही. बाजूला आवाजाची बारीक नागमोडी रेघ.

त्याने तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला आणि नातवाला समजावू लागला, की फिल्मवर आवाज चित्राच्या थोडा पुढे छापतात, वीसेक चौकटी, कारण मशीनमध्ये तो खालच्या दिव्यापाशी वाचला जातो. म्हणजे या चित्राशेजारची ही रेघ या चित्राची नाही, जवळजवळ एका सेकंदानंतरची आहे. हत्तीच्या पिल्लाच्या चीत्कारात वाघ आणि मगर मिसळून बनवलेली ती डरकाळी कदाचित इथेच कुठेतरी असेल, प्राणी यायच्या आत लिहून ठेवलेली.

“आणि या उभ्या लाइन्स?” पलीकडून प्रश्न आला. “रेन आहे?”

मामाने चष्मा कपाळावर सरकवला आणि तुकडा डोळ्याला लावला. बराच वेळ तो तसाच खिडकीशी उभा राहिला.

“यातला निम्मा पाऊस,” तो म्हणाला. “पण ही उजवीकडची, जाड, जरा तिरकी दिसते ना, ती आपल्या दोन नंबरच्या मशीनची. तिच्या गेटला एक खोच होती.”