पितळेतला हिरवा

आमच्या पितळी तांब्याच्या अंधाऱ्या बाजूला हिरवा रंग आहे, हे दिसायला मला दीड महिना लागला. तांब्या आजीच्या माहेरचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, बुडाशी पोचा आलेला. त्यातून मी हजारदा पाणी ओतलं असेल. कोणी विचारलं असतं तर त्याचा रंग मी पिवळा सांगितला असता. पौष संपताना तो खिडकीशी ठेवला, शेजारी दोन कांदे मांडले आणि तैलरंगात रंगवायला घेतला, तेव्हा रंगवलाही पिवळाच. उजेडाकडे यलो ऑकर, सावलीकडे त्यातच बर्न्ट अंबर. चित्रात मातीचा गडू उतरला. घाट बरोबर, पोचा जागच्या जागी, पण पितळ कुठेच नाही.

स्थिरचित्र मला नवं नव्हतं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या कुणालाही ते नवं नसतं. टेबलावर चादर, चादरीवर किटली, दोन फळं, आणि भोवती गोल करून बसलेली आम्ही मुलं. पण ते जलरंगात. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. उजेडाची जागा आधीपासून राखून ठेवायची आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. गडद हात एकदा पडला की परतीची वाट जवळजवळ नाहीच. तैलरंगात मी उलट्या दिशेने चालायला शिकले: आधी अंधार मांडायचा, मग त्यावर उजेड चढवत न्यायचा आणि सर्वांत शेवटी, श्वास रोखून, तांब्याच्या काठावरचा तो एक चमकता ठिपका ठेवायचा. नाही जमला तर पॅलेट नाइफने खरवडायचा आणि पुन्हा ठेवायचा. पन्नाशीनंतर शिकायला बसलेल्या बाईला पुन्हा करून बघायची ही मुभा फार मोठी वाटली.

हिरवा सापडला तो योगायोगानेच. पॅलेटवर आयव्हरी ब्लॅकचा गोळा आणि यलो ऑकर शेजारी शेजारी होते. ब्रश नीट पुसला गेला नव्हता, दोन्ही एकमेकांत मिसळले आणि गडद, शेवाळी हिरवा तयार झाला. पिवळ्यात काळा घातला की हिरव्याकडे झुकतो, एवढं साधं. तो नाइफच्या टोकावर घेतला, हात लांब करून तांब्याच्या सावलीशेजारी धरला, आणि नाइफवरचा रंग त्या सावलीत दिसेनासा झाला. रंग जुळला की कडा नाहीशी होते, हे तेव्हा कळलं. तोच हिरवा चित्रातल्या तपकिरीच्या जागी भरला आणि दहा मिनिटांत मातीचं भांडं पितळेचं झालं.

त्यानंतर मी एका जाड कार्डाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं. एक डोळा मिटून त्यातून वस्तूचा एवढासा तुकडा पाहायचा. तुकड्याला नाव नसतं. भोकात तांब्या दिसत नाही, कांदा दिसत नाही, फक्त रंग दिसतो. अशा तऱ्हेने कांद्याच्या सालीत जांभळट राखाडी दिसला, पांढऱ्या चादरीच्या घडीत निळा दिसला, आणि तांब्याच्या पोटात कांद्याचं लालसर प्रतिबिंब दिसलं, जे मी आठवडाभर डाग समजून गाळत आले होते. बघणं आणि माहीत असणं या दोन गोष्टींत माझ्या बाबतीत माहीत असणं नेहमी आधी येऊन बसतं. हात चुकत नाही, डोळा घाई करतो.

औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तरुणपणी ती दुरून पाहून दागिन्यांनी दिपले होते. यंदा पुन्हा गेले आणि जवळ जाऊन पाहिलं. सोनं असं कुठे नव्हतंच. काळपट तपकिरी, मध्ये ऑकर, आणि मोजक्या जागी दाट, फिकट ठिपके. चार पावलं मागे सरकले की पुन्हा सोनं.

रंगाइतकंच शिकवलं ते तेलाने. तैलरंगातलं तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं, आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याचंच. टर्पेंटाइन उडून जातं, पण जवसाचं तेल वाळतं ते उडून नाही. हवेतला प्राणवायू ओढून घेऊन ते आतून घट्ट होत जातं आणि त्याचा पापुद्रा बनतो. मी काचेच्या तुकड्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला आणि शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचा. काही दिवसांनी जवसाचं बोटाला लागेना. शेंगदाण्याचं महिन्यानेही तसंच ओलं. स्वयंपाकघरात गॅसमागच्या फरशीवर जो पिवळा चिकट थर चढतो, जो घासता घासता मनगट दुखतं, तोही याच जातीच्या क्रियेने बनतो. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, हेही त्यातूनच येतं. प्राणवायू घेताना तेल तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही तर ते आपोआप पेटू शकतात. मी ते पाण्यात बुडवून ठेवते.

मग एका उरलेल्या कॅनव्हासवर मी रंगांच्या पट्ट्या ओढल्या, खाली तारीख लिहिली आणि रोज सकाळी चहाआधी प्रत्येकीला करंगळी लावून पाहू लागले. बर्न्ट अंबर दोन दिवसांत कोरडा झाला. त्यात मँगॅनीज असतं, ते तेलाला लवकर घट्ट करतं. टिटॅनियम व्हाइटला सहा दिवस लागले. आयव्हरी ब्लॅक अकराव्या दिवशीही करंगळी काळी करत होता. हे मी आधी केलं असतं तर लसणाचं माझं पहिलं चित्र वाचलं असतं. त्याची पार्श्वभूमी काळी, भरपूर तेल घालून केलेली. दुसऱ्याच दिवशी तिच्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला पांढरा दिला. वरचा थर आधी आवळला, खालचा हलत राहिला, आणि तीन महिन्यांनी लसणाच्या गड्डीवर कोरड्या तळ्याच्या भेगा उमटल्या. खाली पातळ, वर तेलकट, हा नियम पुस्तकात मी वाचला होता, पण त्याचं कारण त्या भेगांनी सांगितलं. ते चित्र मी टाकलेलं नाही. ईझलच्या मागे भिंतीवर टांगलं आहे.

पॅरिसचा शार्दँ (१६९९–१७७९) आपल्या घरातली तांब्याची पातेली, पाण्याचा पेला, कांदे, लसूण पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १७२८ मध्ये तिथल्या शाही अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं, पण अकादमीच्या उतरंडीत स्थिरचित्राची पायरी सर्वांत खालची होती. देवादिकांचे आणि लढायांचे देखावे वर, पातेली खाली. तरीही त्याने पातेली सोडली नाहीत. बोलोन्याचा मोरांदी (१८९०–१९६४) तर बाटल्या आणि डबे यांच्यापलीकडे फारसा गेलाच नाही. त्यांच्यावरची धूळही तो बसू द्यायचा. या दोघांची चित्रं मी छापील पुस्तकांतूनच पाहिली आहेत. पूर्वी त्यांचं कौतुक मी संयम म्हणून करायची. आता ती मला वेगळी वाटतात. एका पेल्यात बघण्यासारखं खरोखरच इतकं असतं, आणि त्यांना ते संपवता आलं नाही.

माझं चित्र फाल्गुनाच्या अखेरीस निम्म्यावर आलं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर खिडकीशी तांब्या नव्हता. आई मोरीत बसून त्याला चिंच लावत होती.

"अगं, गुढीला हवा ना," ती म्हणाली. "किती काळा पडला होता बघ."

तांब्या लखलखत होता. हिरवा गेला होता. त्या जागी खिडकीचे गज, समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाकून बघणारी मी. दुसऱ्या दिवशी तो गुढीवर पालथा चढला, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेच्या गाठीच्या वर, चैत्राच्या उन्हात. तिथे तो ज्या कामासाठी आहे त्या कामावर होता, आणि मला राग धरता आला नाही.

मी निम्मं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि दुसरं सुरू केलं, घासलेल्या तांब्याचं. हे पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड निघालं, कारण घासलेल्या पितळेला स्वतःचा रंग थोडाच उरतो, बाकी सगळा भोवतालचा. त्यात उन्हाळा आला. उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर सारखा असतो, असं युरोपच्या पुस्तकांत छापलेलं असतं, आणि ते तिथे खरंही आहे. पण पुणं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. एका दुपारी माझ्या उत्तरेच्या खिडकीत उन्हाची बारीक पट्टी उतरली आणि चादरीवरची सावली माझ्याकडे वळली. मी ब्रश खाली ठेवला आणि ती पट्टी जाईपर्यंत नुसती बघत बसले.

आषाढात ढगांनी ती अडचण दूर केली. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो, पण उजेड काय मऊ असतो, आणि तासन्‌तास हलत नाही. त्याच ओल्या हवेने तांब्यावरही काम केलं. आधी गळ्याशी, मग पोचाच्या खळग्यात, मग बोटांचे ठसे राहिले होते तिथे लकाकी मंदावली. जी हवा कॅनव्हासवरचं तेल घट्ट करत होती, तीच खिडकीशी पितळ काळवंडत होती. एका सकाळी कार्डाच्या भोकातून पाहिलं तर पुन्हा तो शेवाळी हिरवा, पहिल्यापेक्षा थोडा उबदार.

निम्मं चित्र भिंतीकडून वळवून ईझलवर घेतलं. खालचा थर केव्हाच वाळला होता. कांदे मात्र नवे आणावे लागले. त्यांतल्या एकाला आठवड्याभरात दोन बोटं हिरवा कोंब फुटला, तो मी चित्रात घेतला.

काल आई खिडकीशी येऊन उभी राहिली. तांब्याकडे बघितलं, मग चित्राकडे.

"नागपंचमी आलीय," ती म्हणाली. "घासायचा का?"

"आई, आठ दिवस दे."

तिने चश्मा नाकावर खाली ओढून तांब्याची अंधारी बाजू थोडा वेळ न्याहाळली. "इथं हिरवं दिसतंय गं," ती म्हणाली, आणि कोंब न फुटलेला कांदा उचलून आत गेली.