टाच टेकेपर्यंत

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात उंची ही नुसती रूपाची बाब नाही. पोलीस भरतीत पुरुषांना 165 आणि महिलांना 155 सेंटिमीटरची अट असते, आणि पहाटे माळावर धावणाऱ्या एखाद्या पोराची पट्टी 163 वरच थांबली, तर त्या दोन सेंटिमीटरांपायी त्याची सगळी तयारी वाया गेल्यासारखी होते. लग्नाच्या बैठकीत उंची विचारली जाते ती वेगळीच. म्हणून पाय लांब करून घेण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा इथे निघाली, की ‘पुढे खेळता येईल का?’ हा प्रश्न लगेच येतो. ‘हाड जुळलं की सगळं येतं’, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही. हाड हा या उपचाराचा सगळ्यात भरवशाचा भाग आहे. खेळ परत येणार की नाही, हे हाडाभोवतीचे स्नायू, कंडरा आणि सांधे ठरवतात. त्यामुळे खेळाचा विचार शस्त्रक्रियेनंतर करायचा म्हटला तर फार उशीर झालेला असतो.

ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान शहरातले डॉक्टर गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात घडवली. हाड कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग दोन्ही टोकं रोज साधारण एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत पाव-पाव मिलिमीटर, दूर सरकवायची. मधल्या फटीत नवं हाड धरतं, आणि ते खरंखुरं हाड असतं. पाच सेंटिमीटर वाढवायचे तर ताणण्यातच पन्नासेक दिवस जातात. नवं हाड भार पेलण्याइतकं कठीण व्हायला त्यावर आणखी कित्येक महिने लागतात. आता बाहेरच्या कड्यांऐवजी हाडाच्या पोकळीत बसणारी, चुंबकाने लांबणारी सळई आली आहे. तिने जखमा आणि जंतुसंसर्गाचा त्रास कमी झाला, ताण मात्र तोच राहिला. नसा, रक्तवाहिन्या, पोटरी, टाचेमागची कंडरा या सगळ्यांना हाडाच्या मागे फरफटत जावं लागतं, आणि हाडासारखं झरझर नवं होणं त्यांना जमत नाही. पोटरीचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो. नडगी लांबवली की तो आखूड पडतो, पाऊल खालच्या बाजूला ओढलं जातं आणि टाच उचलली जाते. मांडीचं हाड लांबवलं तर गुडघा पुरता वाकेनासा होतो. हे अपघाताने घडत नाही. व्यायामोपचाराने रोज त्याच्याशी झुंजावं लागतं आणि काहींना शेवटी कंडरा सैल करण्याची वेगळी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते.

आता आपल्या मातीतले खेळ बघा. खो-खोत पाटीवर बसलेला गडी पाठीवर खो पडताच उकिडव्या बैठकीतून उसळतो. ती उसळी घोट्याच्या वाकण्यातून येते. पैलवानाला पट काढायला क्षणात खाली जावं लागतं. कबड्डीत पाय मागे खेचून घेणं, यवतेश्वरच्या घाटातून उतारावर धावणं, सगळीकडे भार त्याच दोन सांध्यांवर पडतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात, आणि प्रत्येक उडीनंतर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. शिवाय नडगी वाढते तेव्हा मांडी आणि हात तेवढेच राहतात. लहानपणापासून अंगात मुरलेला पावलांचा अंदाज नव्या मापाच्या पायाला पुन्हा शिकवावा लागतो. रोजचं चालणं, पोहणं, सायकल, हलकी धाव हे बऱ्याच जणांना वर्ष-दीड वर्षात जमतं. स्पर्धेतला वेग हा निराळा हिशोब आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप व्हॅलेरी ब्रुमेल यांच्या नावाने येतो. उंच उडीत 2.28 मीटरचा विश्वविक्रम आणि 1964च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलेल्या या सोव्हिएत खेळाडूचा पाय 1965च्या मोटारसायकल अपघातात चेंदामेंदा झाला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव्हनी तो जोडला, लांबवला, आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरच्या वर उडाले. मग धडधाकट तरुणाला का जमू नये? मला हे उदाहरण उलट दिशेने बोलताना दिसतं. ब्रुमेल यांचा पाय आखूड झाला होता. उपचाराने दोन्ही पायांतला गेलेला समतोल परत मिळाला, म्हणून प्रत्येक मिलिमीटर त्यांच्या कामी आला. तरीही जगातला सर्वोत्तम उडी मारणारा, सरकारचं सगळं पाठबळ असलेला तो माणूस आपल्या जुन्या उंचीपर्यंत पुन्हा पोचला नाही. निरोगी, सारखे असलेले दोन पाय एकाच वेळी कापून घेणाऱ्याची सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून होते. त्याला मिळवायची असते ती उंची, आणि पणाला लागतो तो चालू असलेला पाय.

दुसरा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो. बुटकेपणावरून वर्गात, वस्तीत, स्थळांच्या यादीत जे ऐकावं लागतं ते खरं असतं, आणि ते न सोसलेल्याने ‘आहे तसं स्वीकार’ म्हणणं क्रूर आहे. सज्ञान माणसाला आपल्या शरीराबद्दल ठरवण्याचा हक्क आहे. चीनने 2006मध्ये केवळ सौंदर्यासाठीच्या या शस्त्रक्रियांवर घातली तशी सरसकट बंदी मला योग्य वाटत नाही. पण ज्याला उंचीही हवी आणि मैदानही, त्याला या दोघांतला व्यवहार कुणीतरी स्पष्ट सांगायला हवा. भरतीचं मैदान पट्टी लावून थांबत नाही. तिथेच पुरुषांना 1600 आणि महिलांना 800 मीटर धावावं लागतं, पुढे वैद्यकीय तपासणी असते, आणि वयाची अट पायांसाठी थांबत नाही. खेळाचं म्हणावं, तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952मध्ये हेलसिंकीत बॅंटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. सांगलीच्या संकेत सरगरने 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. कुस्ती आणि वेटलिफ्टिंग या दोन्ही खेळांत वजनाचे गट असतात आणि बांधा आखूड असणं हे तिथे बळ असतं. अशा खेळाडूने पाय लांबवले तर त्याच्या हातातलं हत्यारच जातं.

इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. 1965च्या युद्धातल्या गोळ्यांनी त्यांचे पाय निकामी केल्यावर ते पाण्यात उतरले आणि 1972मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले. त्यांचा प्रसंग लादलेला होता, स्वतः निवडलेल्या शस्त्रक्रियेशी त्याची बरोबरी होत नाही. पण खेळात परतणं म्हणजे त्याच खेळात परतणं असं नसतं, हे त्यांच्याकडून कळतं. पाय लांबवणाऱ्याने हा पर्याय आधीच मोजून ठेवावा. शल्यचिकित्सकाच्या समोर व्यायामोपचार करणाऱ्याबरोबर स्वतःच्या प्रशिक्षकालाही बसवावं. एका पायावरची उडी, घोट्याचं वाकणं, 1600 मीटरची वेळ हे सगळं शस्त्रक्रियेपूर्वी लिहून ठेवावं, म्हणजे काय गेलं आणि काय आलं हे नंतर अंदाजाने ठरवावं लागणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेंटिमीटरचा आकडा आधी पक्का करू नये. ताणणं रोज थोडंथोडं होत असल्याने ते कुठल्याही दिवशी थांबवता येतं. सातचं ठरवलेलं असताना चारवरच टाच जमिनीला टेकेनाशी झाली, तर तिथे थांबायचं, हे रुग्णाने डॉक्टरांशी पहिल्या भेटीतच बोलून घ्यावं.