विख्ते येथील तांबडी एल

कुटुंबांतील लहानथोरांनीं एकत्र बसून वाचावयाच्या मासिकांत मद्यावरील लेख पाहून पुष्कळ वाचकांच्या कपाळास आंठी पडेल, हें मी जाणून आहें. ती आंठी माझ्याहि कपाळावर साठ वर्षें होती; आजहि ती सर्वस्वीं गेली आहे असें नाहीं. परंतु गेल्या ज्येष्ठांत बेल्जम देशांतील एका लहानशा गांवीं मीं जें पाहिलें, आणि सांगावयास संकोच वाटतो तरी, जें चाखलें, त्याचा वृत्तांत प्रथम माझ्या वडील बंधूंस द्यावा लागला. जें त्यांस सांगितलें तें वाचकांपासून लपविण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.

आमचें घर वाईचें. १९६१ सालीं, मी नऊ वर्षांचा असतांना, आमचे बापूकाका वारले. १९४९ चा दारूबंदीचा कायदा तेव्हां अंमलांत होता व गांवांत उघडें दुकान एकहि नव्हतें. पण ओढ्यापलीकडे हातभट्टी लागत असे, आणि काकांचीं पावलें संध्याकाळीं तिकडे वळत. घरांत त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नसे. काकांना 'पोटाचा विकार' आहे, एवढेंच आम्हां मुलांस ठाऊक. त्यांचे दिवसवार झाल्यावर वडिलांनीं आम्हांला देवघरांत बोलाविलें, प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलें आणि जन्मांत दारू पिणार नाहीं असें वदवून घेतलें. दादा तेव्हां सोळा वर्षांचे होते.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा गेंट शहरीं संशोधनाचें काम करतो. घरांत त्याला सारे बाळ म्हणतात. दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत तो घरीं आला असतां पंगतींत कोणीसें थट्टेनें विचारलें, "तिकडे बिअर पितोस कीं काय रे?" त्यानें सरळ उत्तर दिलें, "हो. आठवड्यांतून एखादे वेळीं, एक पेला." दादा तसेच उत्तरापोशन घेऊन उठले. पुढें ते त्याच्याशीं बोलले नाहींत, आणि पुढच्या गणपतींत त्याला बोलावणेंहि गेलें नाहीं. मी युरोपांत जावयास निघालों तेव्हां मात्र दादांनीं मला माडीवर बोलावून सांगितलें, "तूं जन्मभर मुलांना रसायन शिकविलेंस. तो काय पितो नि किती पितो, तें डोळ्यांनीं बघून ये. आणि जें असेल तें मला सांग."

गेंटला पोंचल्यावर मीं हा निरोप बाळास जसाच्या तसा सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "मग, काका, दुकानांत नको. जेथें ती तयार होते तेथेंच जाऊं."

आगगाडीनें आम्ही प्रथम कोर्ट्रिक येथें आलों. पश्चिम फ्लँडर्सचा हा मुलूख बहुतेक सपाट, हिरवा आणि नीटनेटका. शहरांतून वाहणार्‍या लाइये नदीच्या पाण्यांत पूर्वीं जवसाचीं ताटें भिजत घालून त्यांचा धागा काढीत, आणि त्या धाग्याच्या कापडावर येथील व्यापार्‍यांनीं पैसा मिळविला. १३०२ सालच्या जुलैच्या ११ तारखेस याच शहराबाहेर विणकर-कारागिरांच्या पायदळानें फ्रेंच घोडेस्वार सरदारांचा मोड केला, आणि त्यांच्या टाचांचे सोनेरी कांटे गोळा करून देवळांत टांगले. 'सोनेरी कांट्यांची लढाई' हें तिचें नांव येथील लहान मुलाच्याहि तोंडीं आहे. तेथून उडेनार्डेच्या बाजूस जाणारी एक छोटी गाडी आम्हांस विख्ते येथें घेऊन गेली. तांबड्या विटांचीं घरें, घरापुढें चिमुकली बाग, आणि रस्त्यावर माणूस नाहीं असें तें गांव. येथें व्हेरहाखे घराण्याची ब्रुअरी १८८५ सालापासून चालू आहे.

१९०० च्या सुमारास बेल्जममध्यें अशा तीन हजारांहून अधिक ब्रुअर्‍या होत्या. आपल्याकडे गांवोगांवीं तेलाचा घाणा असे तशीच गत. पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें त्यांचीं तांब्याचीं भांडीं दारूगोळ्यासाठीं काढून नेलीं, व पुष्कळ ब्रुअर्‍या पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. पुढें मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त, पिवळ्या, थंडगार लागर बिअरपुढें उरलेल्यांतल्याहि कित्येक बुडाल्या. जीं थोडीं घराणीं टिकलीं तीं आपली जुनी रीत न सोडतां टिकलीं. २०१६ सालीं युनेस्कोनें बेल्जमच्या बिअरसंस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

आंत शिरतांच जो वास आला त्यानें मी चकित झालों. दारूचा म्हणून जो वास लहानपणापासून मनांत बसला होता, तो हा नव्हता. भाजलेलें धान्य, ओलें लांकूड आणि लोणच्याची बरणी उघडतांना येणारा आंबूस दर्प, यांचें तें मिश्रण होतें. कृतीचें मूळ आपल्या भगिनींस परकें वाटूं नये. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतों, त्याप्रमाणें येथें सातूला मोड आणून तो वाळवितात व भाजतात. कांहीं दाणे अधिक खरपूस भाजले कीं रंगाला तांबूस छटा येते. भरडलेले दाणे गरम पाण्यांत कालविले म्हणजे मोडामुळें उत्पन्न झालेलीं द्रव्यें पिठाची साखर करतात. गाळून घेतलेला तो गोड काढा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात, निववितात आणि त्यांत यीस्ट सोडतात. एलचें यीस्ट उबदार हवेंत काम करतें व फेंसाबरोबर वर येतें. लागरचें यीस्ट थंडींत काम करून तळाशीं बसतें. एल आणि लागर यांतील मुख्य भेद हा.

या प्रांताच्या तांबड्या एलचें खरें वैशिष्ट्य मात्र पुढेंच आहे. ती ओक लांकडाच्या उभ्या, प्रचंड पिंपांत महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. कांहीं पिंपें शंभर वर्षांहून जुनीं आहेत. लांकडाच्या छिद्रांत दह्याच्या जातीचे जंतु वस्तीला असतात. ते हळूहळू आंबटपणा आणतात, आणि लांकडांतून झिरपणारी किंचित् हवा त्यांत शिरक्याचा अंश मिळविते. पिंप रिकामें झालें तरी आंतली वस्ती मोडूं देत नाहींत. मला आमच्या आईचें विरजण आठवलें. बिर्‍हाड बदलतांनाहि ती विरजणाची वाटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसे, सामानांत ठेवूं देत नसे.

येथील प्रसिद्ध एलचें नांव 'बरगंडीची डचेस'. सुमारें अठरा महिने मुरलेली जुनी एल आणि आठ महिन्यांची तरुण एल एकत्र करून ती तयार होते. जुनी नुसती घेतली तर फार आंबट, नवी घेतली तर पोरकट गोड. दोहोंचा मेळ घालणें हेंच कारागिराचें कसब. हें ऐकतांना आम्ही दोघेहि एकमेकांकडे पाहावयाचें टाळीत होतों.

पेले पुढें आले. रंग पिकलेल्या करवंदाच्या रसासारखा गडद, वर पिवळसर फेंस. बाळ म्हणाला, "काका, तुम्ही घेऊं नका. मी घेतों तें बघा. दादांनीं बघावयासच सांगितलें आहे." त्याचें म्हणणें रास्त होतें, आणि कोणी आग्रह करीत नव्हतें. तरी माझें मन मला खाऊं लागलें. ज्या वस्तूसाठीं आम्हीं घरचा मुलगा दूर लोटला, ती काय आहे हें आमच्यापैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें. साठ वर्षांपूर्वीं हातावर पडलेलें तें पाणी मला त्या क्षणीं स्पष्ट जाणवलें. मग मीं एक घोट घेतला. शपथ मोडली ती विसरून नव्हे, आठवून मोडली.

चव म्हणाल तर प्रथम आंबट, आमसुलाच्या साराची आठवण व्हावी अशी. तो आंबटपणा जिभेवरून उतरतांच मागून गोडी येते. तिच्यांत सुकलेल्या मनुकांचा आणि भाजक्या गुळाचा भास होतो. शेवटीं ओकची तुरटी उरते, सुपारी चघळल्यावर तोंडांत राहते तशी. कडूपणा जवळजवळ नाहीं. वस्तु उत्तम होती, हें मला नाकारतां येणार नाहीं. दुसरा घोट मीं घेतला नाहीं. बाळानें आपला एक पेला पाऊण तास पुरविला. दुसर्‍यासाठीं विचारलें तेव्हां आभार मानून नको म्हणाला.

परततांना गाडींत माझ्या मनांत आलें, कीं आपण दशमूलारिष्ट आणि द्राक्षासव निःशंक घेतों. आमच्या घरांतील प्रत्येक बाळंतिणीनें दशमूलारिष्ट घेतलेलें आहे. त्यांत गूळ व धायटीचीं फुलें घालून तें महिनाभर आंबविलेलें असतें, आणि आसव-अरिष्टांत सामान्यतः शेंकडा पांच ते दहा मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. या एलमध्यें तो शेंकडा ६·२ आहे. रसायनशास्त्राला दोहोंत फरक सांपडत नाहीं. यावरून एल हें औषध ठरतें, असा कोणी अर्थ काढूं नये. औषध चमच्यानें मोजून घेतात. पेल्याचें माप मनुष्याच्या मनावर अवलंबून असतें. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, कीं आरोग्याला निर्धोक म्हणावें असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं. बापूकाकांना ज्यानें नेलें तो मद्यार्क आणि हा मद्यार्क, मूळ द्रव्य एकच.

दुसर्‍या दिवशीं आम्ही ब्रुग शहरीं गेलों. जिच्या नांवाची ती एल, त्या मेरी डचेसची समाधि तेथील मेरीमातेच्या मंदिरांत, तिच्या वडिलांच्या समाधीशेजारीं आहे. १४७७ सालीं ते लढाईंत पडले आणि विसाव्या वर्षीं या मुलीवर राज्याचा भार आला. १४८२ सालीं, ससाणा घेऊन शिकारीस गेली असतां घोड्यावरून पडून तिचा अंत झाला. वय अवघें पंचवीस. समाधीवर तिची सोनेरी मूर्ति निजलेली आहे, पायाशीं कुत्रा. बाटलीवरील चित्रांत तिच्या हातावर ससाणा बसविलेला आहे. ज्या छंदापायीं तिचा जीव गेला तोच तिच्या हातीं दिलेला पाहून मी तेथें बराच वेळ उभा राहिलों.

तीन आठवडे मी बाळाकडे राहिलों. त्या अवधींत त्यानें चार वेळां एकेक पेला घेतला, माझ्यासमोर घेतला.

घरीं आल्यावर दादांपुढें बसून मीं हें सर्व सांगितलें, माझा घोटहि सांगितला. ते बराच वेळ कृष्णेच्या बाजूच्या खिडकीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तूं शपथ मोडलीस हें मला मुळींच आवडलें नाहीं. पण सांगितलेंस." आणि थोडें थांबून, "बापूकाकांची बाटली धान्याच्या कणगींत असे. मला ठाऊक होतें. मी सोळा वर्षांचा होतों. घराची अब्रू जाईल म्हणून कोणाला बोललों नाहीं. आईला ठाऊक होतें, तीहि बोलली नाहीं. काकांनीं आमच्यापासून लपविलें, आम्हीं गांवापासून लपविलें. या पोरानें भर पंगतींत खरें सांगितलें, आणि मी उठून गेलों."

त्याच रात्रीं त्यांनीं बाळास पत्र लिहिलें. तें टाकण्यापूर्वीं त्यांनीं मला वाचावयास दिलें. पिण्यास संमति त्यांत कोठेंहि नव्हती. गणपतीस यावें, असें होतें; आणि खालीं एकच ओळ वेगळी लिहिली होती: 'ज्या दिवशीं एका पेल्यावर थांबणें जड जाईल, त्या दिवशीं प्रथम मला कळीव; मी रागावणार नाहीं.'

बाळाचें तिकीट निघालें आहे. पंगतींत त्याचें पान दादांनीं आपल्या शेजारीं मांडावयास सांगितलें आहे.