ज्याचा त्याचा होकार

उचगावसारख्या गावात वाढलेल्याला माळकरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बारसे घरची माणसे करतात, नाव आत्या ठेवते. तुळशीची माळ मात्र ज्याची त्याने समजून घालायची. माळ आली की मटण सुटले, एकादशी आली, पंढरीची वारी आली. तान्ह्याच्या गळ्यात कुणी हौसेने माळ बांधली, म्हणून ते वारकरी होत नाही. बाप्टिस्ट ख्रिस्ती लोकांचे म्हणणे मला या माळेच्या आधारानेच उमगले.

निमित्त घडले बेळगावच्या एका जुन्या स्नेह्याच्या घरी. मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब. त्यांच्या मंडळीत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होतो, तसा त्यांच्या मुलाचाही झाला. आजीच्या मांडीवर, कपाळाला पाणी लावून. हा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथल्या बाप्टिस्ट मंडळीत रमला आणि "आता मी बाप्तिस्मा घेणार" असे त्याने घरी कळवले. आजी एवढेच म्हणाली, "मग माझ्या मांडीवर झाला, तो खोटा होय रे?"

स्नेह्याने मुलाला माझ्याकडे धाडले. मी पडलो शाळामास्तर, समजूत घालायची सवय. पण बोलला तोच.

"काका, माझ्या वतीने दुसरे कुणी विश्वास कसा ठेवील?"

बाप्टिस्टांचे सारे या एका प्रश्नात आहे. १६०९ च्या सुमारास अॅम्स्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या काही इंग्रजांनी हा पंथ सुरू केला. इंग्लंडात तेव्हा जन्मलेले प्रत्येक मूल राज्याच्या चर्चचे सभासद होई. जन्माने प्रजा होता येते, विश्वासू होता येत नाही, असे या मंडळींचे म्हणणे. दाखल्यावरून माणूस ठरवण्याचा जाच सीमाभागातल्या आपल्याला निराळा सांगायला नको!

म्हणून बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन. आणि तोही नदीत किंवा हौदात पूर्ण बुडवून. पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या आयुष्याचे दफन, वर येणे म्हणजे नवा जन्म. पाणी तारत नाही. आत जे घडले त्याची ती चारचौघांतली खूण. प्रभुभोजनाचेही तसेच. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे भाकर ख्रिस्ताचे शरीर होते. बहुतेक बाप्टिस्टांच्या मते ती भाकरच राहते. महत्त्व त्याच्या मरणाच्या स्मरणाला आणि एकत्र बसण्याला.

१८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम केरी बाप्टिस्टच. २८ डिसेंबर १८०० रोजी त्याने सेरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला. त्याच दिवशी स्वतःचा मुलगा फेलिक्स यालाही. बापाने मुलगा जाणता होईपर्यंत वाट पाहिली होती. आपल्या बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनीही १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो मोठेपणी. बाहेरून आलेल्याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो ख्रिस्ती घरातल्या बाळाचा.

"ते ठीक," मी म्हटले, "पण आजीचे काय?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्याकडेही बाळाला मंडळीपुढे आणून देवाला अर्पण करतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आजीने तेच केले. तिच्या प्रार्थनेचेच हे फळ."

हे त्याने आजीलाही सांगितले. तिला एकच विचारायचे होते, "तुमच्या भोजनाला मी बसले तर चालेल का?" प्रश्न साधा नव्हता. काही बाप्टिस्ट मंडळ्या बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच भाकर देतात, काही प्रत्येक विश्वासणाऱ्याला. खुद्द सेरामपूरच्या मिशनऱ्यांतही यावरून मतभेद होते. नातवाने पाळकांना विचारून घेतले. मेज प्रभूचे आहे, आजींनी जरूर यावे, असा निरोप आला.

आजी पुण्याला गेली. नातू पाण्यातून वर आला तेव्हा टॉवेल तिच्याच हातात होता. भोजनाला ती त्याच्याशेजारी बसली, भाकर घेतली. मांडीवरच्या त्या बाप्तिस्म्याबद्दलचे तिचे मत मात्र आजही तेच आहे, आणि नातवाचेही त्याचे तेच.