पत्र्याचा हिशेब

जुनी मोटार विकत घेऊ पाहणाऱ्याला सल्लागारांची उणीव कधी भासत नाही. गेल्या नाताळापासून आम्हां उभयतांना इतका सल्ला मिळाला आहे की, तो वजनावर विकता आला असता तर मोटारीची किंमत त्यातूनच निघाली असती. कोणी म्हणाले, या वयात हे वेड कशाला? कोणी म्हणाले, पांढरा हत्ती दारी बांधू नका. आमच्या घरी एकाला इंजिन कळते आणि दुसरीला हिशेब. त्यामुळे वादाची दोन्ही अंगे घरातच होती. बाहेरच्यांनी तसदी घेतली नसती तरी चालले असते.

मोटार आहे एम.जी.ए. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसच्या आद्याक्षरांवरून एम.जी. हे नाव पडले, आणि त्या घराण्याची ही दोन आसनांची, उघड्या टपाची धाकटी लेक १९५५ साली बाजारात आली. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ पर्यंत अशा १,०१,०८१ गाड्या बाहेर पडल्या. त्यातील बहुतेक परदेशी गेल्या. इंग्लंडात सहा हजारही राहिल्या नाहीत. त्यांपैकी एक वसईत, विहिरीमागच्या पत्र्याच्या छपराखाली, नारळाच्या झावळ्या आणि फाटकी ताडपत्री पांघरून तीस वर्षे उभी आहे.

ती आमच्या शेजारच्या अंकलांची. मुंबईच्या गोदीत जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात ते फोरमन होते. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ती १९६४ साली घेतली. पगार बेताचा, पण हातात कसब होते. गाडीचा प्रत्येक बोल्ट त्यांनी स्वतः पिळला होता. वाडीतल्या कितीतरी वधूवरांना त्यांनी चर्चच्या पायरीपासून मांडवापर्यंत या गाडीतून नेले. आम्हीही त्यातलेच. मात्र गाडीत जागा दोघांचीच, आणि एक अंकलांना हवी. म्हणून वधू आत बसे आणि वर स्कूटरवरून मागे येई. या व्यवस्थेचे विनोद आजही आमच्या घरी चालू आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा अंकलांनी गाडी छपराखाली लावली आणि पुन्हा काढली नाही. दोन वर्षांपूर्वी ते देवाघरी गेले.

आंटी आता एकट्या. मुलगे दोघेही परदेशी. घराच्या आढ्याचे लाकूड वाळवीने पोखरले आहे आणि पावसाळ्याआधी कौले उतरवून ते बदलणे भाग आहे. भंगारवाला येऊन पस्तीस हजार सांगून गेला. आंटी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं घ्या ती. तुमच्याकडं राहिली तर मला दिसत तरी राहील. पस्तीस द्या, चाळीस द्या, मी काही बोलणार नाही."

खरा पेच इथून सुरू झाला.

आधी गाडी तरी नीट पाहावी म्हणून आमच्या भाच्याला बोलावले. तो आयटीआयमध्ये शिकून गॅरेजात तयार झालेला. त्याने खिशातून लोहचुंबक काढला. गंजलेल्या पत्र्यावर रंगारी ज्याला लांबी म्हणतात तो लेप थापला असेल तर तिथे चुंबक धरत नाही, हा त्या धंद्यातला साधा ताळा. मडगार्डला चुंबक घट्ट बसला, दाराला बसेना, बॉनेटलाही बसेना. पोराचा चेहरा उतरला. तेव्हा त्याला सांगितले की, या गाडीच्या दारांचे, बॉनेटचे आणि डिकीच्या झाकणाचे बाहेरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. तिथे चुंबक न बसणे हेच अस्सलपणाचे लक्षण. मात्र जिथे अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकतात तिथे खारट हवेत दोघांची झीज होते. तसे दारांच्या खालच्या कडांना झालेच होते.

पुष्कळ स्पोर्ट्‌स गाड्यांत सांगाडा आणि कवच एकच असते. पत्रा गेला की गाडीच गेली. एम.जी.ए.चे तसे नाही. हिला पेटीसारख्या बंद पोलादी दांड्यांची स्वतंत्र चासी आहे आणि वरचे अंग तिच्यावर बसवलेले. चारही मडगार्डे बोल्ट सोडून उतरवता येतात. म्हणून पाहायची ती चासी. आसनांखालची जमीन प्लायवूडची असते (हो, लाकडाची, कारखान्यातूनच तशी येई) आणि ती कुजून गेली होती, त्यामुळे खालच्या दांड्या आयत्याच उघड्या सापडल्या. भाच्याने पेचकसाने त्या ठोकत ठोकत अंगठ्याएवढीही जागा सोडली नाही. बहुतेक ठिकाणी टणत्कार निघाला. आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ठेवण्याचे पाळणे असतात. ते मात्र आम्लाने खाल्ले होते, बोट घातले तर आरपार जाई. दाराच्या फटी वरून खालपर्यंत सारख्या होत्या. ती सगळ्यांत चांगली खूण. चासी वाकली की फट प्रथम बोलते.

इंजिन जाम होते. प्लग काढून चारही सिलिंडरांत पातळ तेल सोडले आणि आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी मागचे एक चाक जॅकवर उचलून, चौथा गिअर टाकून, भाच्याने ते दोन्ही हातांनी फिरवले. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा आतून एक जड उसासा आला आणि पुढची पुली हलली. आंटी पडवीतून पाहत होत्या. त्या काही न बोलता आत गेल्या.

कुर्ल्याचे एक वृद्ध मिस्त्री येऊन पाहून गेले. ते म्हणाले, "साहेब, इंजिनाची फिकीर करू नका, अँबॅसेडरचं टाकून देतो." त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हते. आपल्या अँबॅसेडरमध्ये कित्येक वर्षे जे १४८९ घन सेंटीमीटरचे इंजिन होते, ते आणि या गाडीचे इंजिन एकाच बी-सीरिज घराण्याचे. एम.जी.ला दोन कार्ब्युरेटर आणि अधिक ताकद, एवढे त्यातले मुख्य अंतर. २०१४ साली अँबॅसेडर बंद झाली तरी त्या घराण्याची माहिती असलेले हात मुंबईत अजून आहेत, हा मोठाच दिलासा. पण इंजिन बदलायचे नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो; म्हणजे अंकलांची बी.एम.वाय.ची पाटी तशीच राहील. मात्र अशी नोंद घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. बाजाराला जाऊन भाजी आणणे नाही. आमच्यातल्या हिशेबनीस पक्षाने यावर विचारले, "मग एवढे पैसे घालून ती पाहायचीच ना? पाहायला आता काय बंदी आहे?" या प्रश्नाला आजतागायत समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

मिस्त्रींनी आकडा सांगितला: संपूर्ण गाडी सोडवून, पत्राकाम, रंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि कातडी आसने करून नऊ ते दहा लाख. इंग्लंडात हिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात, पण टपाल आणि जकात धरली की किमती ऐकवत नाहीत. आमच्याकडे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ग्रॅच्युइटीतले नऊ लाख बाजूला होते. आजारपणाचे पैसे वेगळे. त्यांना हात लावायचा नाही, यावर घरात पहिल्यापासून एकमत.

चाळीस हजारांना गाडी घेतली असती तर हा हिशेब थोड्या ओढाताणीने जमत होता. पण गाडीची किंमत चाळीस हजार नाही, हे आम्हांला ठाऊक होते आणि आंटींना ठाऊक नव्हते. त्यांना ते सांगितले तर गाडी आमच्या हातून जाण्याचा संभव. न सांगितले तर कायद्याने कोणी विचारणार नव्हते, उलट शेजारधर्म पाळला म्हणून गावात कौतुकच झाले असते. दोन रात्री आम्ही या गोष्टीवर एकमेकांशी बोललो नाही. दोघांच्याही मनात तीच गोष्ट असल्याचे ते लक्षण होते.

तिसऱ्या दिवशी मुंबईतील एका जाणकाराला, ज्यांचा या सौद्यात काही संबंध नव्हता अशा गृहस्थाला, आम्ही बोलावून घेतले आणि आंटींच्या समोर गाडी दाखवली. चासी क्रमांकाची तबकडी पुसून त्यांनी क्रमांक टिपला. असल्या क्रमांकांची मूळ दप्तरे इंग्लंडात गेडनच्या मोटार संग्रहालयात जपलेली आहेत. मग त्यांनी आहे त्या स्थितीतली किंमत सांगितली: साडेसात लाख, घेणारा शोधायला महिनाही लागणार नाही.

आंटी बराच वेळ ताडपत्रीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही चारच द्या." त्यानंतर आमच्यात जी घासाघीस झाली ती कोणत्याही बाजारात ऐकू येणार नाही, विकणारी उतरत होती आणि घेणारे चढत होते. शेवटी सातवर तोड निघाली. त्यातले चार कौले उतरवण्यापूर्वी, उरलेले तीन कागदपत्रे झाल्यावर. आमचा हिशेबनीस पक्ष या वेळी इंजिनवाल्या पक्षाच्या पुढे चढत होता, ही नोंद करून ठेवायला हवी.

अर्थात नऊ उणे सात म्हणजे दोन. दोन लाखांत गाडी नवी होत नाही. तेव्हा ती नवी करायचीच नाही असे ठरले. ब्रेकचे सिलिंडर आणि नळ्या नव्या, पेट्रोलची टाकी धुऊन अस्तर देणे, वायरिंग, बॅटऱ्यांचे पाळणे आणि इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगा: इतकेच. रंगाला हात नाही. उजव्या मडगार्डावर अंकलांनी ब्रशने मारलेला हिरवा पट्टा मूळ रंगाशी मुळीच जुळत नाही, आणि तो तसाच राहणार आहे. मिस्त्रींना हे पटलेले नाही. त्यांच्या मते आम्ही अर्ध्यावर डाव सोडतो आहोत.

सध्या काम कागदांचे चालू आहे. आर.सी. बुक अंकलांच्या नावावर. ते वारस म्हणून आधी आंटींच्या नावावर करायला एकतिसाव्या क्रमांकाचा फॉर्म, मग आमच्या नावावर यायला एकोणतीस आणि तीस. दोन्ही मुलांची संमतिपत्रे परदेशातून यायची आहेत; धाकट्याचे आले, थोरल्याने फोनवर गाडीचा आवाज ऐकायला मागितला आहे. तो आत्ता कुठून आणायचा? भाच्याने तूर्त जमिनीच्या फळ्यांचे कागदी नमुने कापले आहेत. शनिवारी वखारीतून मरीन प्लाय आणायचे आहे.