गाडी मागे घेताना

दिग्रसच्या आमच्या मोहल्ल्यात गाडी पुढे नेणे सोपे, मागे घेणे कठीण. गल्ली अरुंद, दारापुढे बांधलेली बकरी आणि उर्दू शाळा सुटली की पोरांचा लोंढा. आम्ही शाळेतल्या शिक्षिका गाडी शिकायला निघालो, तेव्हा "बी.एड. झालं, आता हे कशाला?" असे विचारणारेही भेटले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 15 व्या नियमात चाचणीची कौशल्ये दिली आहेत. वेळेवर इशारा देणे त्यात आहे, आणि गाडी ताब्यात ठेवून मागे नेणेही आहे. शिकवणारे मात्र दोन्ही जोडत नाहीत. "मागे जाताना इंडिकेटर कशाला? पांढरा दिवा लागतोच की!"

पांढरा दिवा गाडी मागे येतेय एवढेच सांगतो. कुठे वळणार ते सांगत नाही. चारही दिवे एकदम लुकलुकवले तरी तेच. शिवाय मागचा भाग डावीकडे वळला की पुढचे तोंड उजवीकडे फिरते. समोरच्या सायकलवाल्यालाही ते कळायला हवे. म्हणून ज्या बाजूला मागचा भाग न्यायचा, त्या बाजूचा इंडिकेटर आम्ही लावतो. त्याआधी एकजण उतरून मागे पाहते. कारण लहान मूल आरशात दिसत नाही आणि त्याला दिव्यांची भाषा येत नाही.

ती भाषा आम्ही चौथीच्या वर्गात शिकवतो. परीक्षेत तिला गुण नाहीत. पण घंटा झाली की पोरे याच गल्लीतून घरी जातात.